सकाळी ८ ते रात्री ९ घराबाहेर असतो. हॅमस्टर, गिनीपिग की उंदीर, काय पाळू?

तुम्ही लिहिलंय की एकटे राहता, सकाळी आठला निघता, रात्री नऊला परतता आणि फार व्याप नसलेला छोटा प्राणी हवाय. माझं उत्तर: सीरियन हॅमस्टर, आणि तोही एकच.

रोज किती वेळ देता येईल, याच्याइतकंच तो वेळ कुठला आहे हेही बघावं लागतं. माझीही नोकरी अशीच उशिरापर्यंतची, आणि मी आधी गिनीपिग आणले होते. तो कळपातला प्राणी, एकटा झुरतो, म्हणून दोन. दिवसभर मधूनमधून डुलक्या काढत बाकी वेळ गवत खात बसायचे. आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे ढोबळी मिरची, पालेभाजी रोज ताजी द्यावी लागते. तेवढं मी आनंदाने करत होते. पण गिनीपिगने अर्धा दिवस जरी खाणं सोडलं तरी त्याचं आतडं मंदावतं आणि जिवावर बेतू शकतं. सकाळी नऊला त्याने तोंड फिरवलं तर मला कळणार रात्री! ही धास्ती ऑफिसात पाठ सोडायची नाही. शेवटी ते बहिणीकडे दिले, तिच्या घरी दिवसभर कुणी ना कुणी असतं.

हॅमस्टरचा दिवस आपण घरी आल्यावर सुरू होतो. माझा साधारण दहाच्या सुमारास बिळातून नाक बाहेर काढायचा, मिशा हलवत वास घ्यायचा, मग अंग लांब ताणून जांभई द्यायचा. वाटीतल्या बिया एकेक करून गालाच्या पिशव्यांत भरायचा. डोकं दुप्पट रुंद दिसायला लागलं की तुरुतुरु बिळात जाऊन दोन्ही पंजांनी गाल दाबून सगळं ओतायचा. रोजचं काम दहा-पंधरा मिनिटांचं: खाणं घालणं, पाणी बदलणं, बाटलीच्या तोटीतली गोळी बोटाने हलवून थेंब येतोय ना बघणं, ओल्या झालेल्या कोपऱ्यातला भुसा काढणं. बाकीचा वेळ त्याच्याशी खेळायला.

जागेत मात्र काटकसर करू नका. दुकानातले बहुतेक रंगीत पिंजरे फार लहान असतात, त्यात तो गज चावत बसतो. लांब-रुंद पेटी घ्या आणि निदान २० ते २५ सेंटिमीटर भुसा किंवा कागदी बिछाना घाला, कारण बीळ खणणं ही त्याची गरज आहे. देवदाराचा वासाचा भुसा नको, श्वासाला त्रास होतो. कापसासारखा मऊ बिछाना तर मुळीच नको, पायाला गुंडाळला जातो, पोटात अडकतो. चाक २८ सेंटिमीटर व्यासाचं घ्या. त्याहून लहान चाकात पाठ वाकते. साफ करताना सगळा भुसा एकदम बदलू नका, थोडा जुना परत घाला. स्वतःचा वास गेला की तो बिथरतो.

दिवसा त्याला उठवू नका, झोपमोड झाली की चावतो. आणि ‘एकटा बिचारा’ म्हणून दुसरा आणू नका. वयात आलेले सीरियन हॅमस्टर एकत्र ठेवले की जीव जाईपर्यंत भांडतात.

उंदीर या सगळ्यांत हुशार आणि माणसाला लळा लावणारे. पण निदान दोन लागतात आणि रोज तासभर तरी पिंजऱ्याबाहेर तुमच्यासोबत हवेत. तुमच्या वेळापत्रकात मला ते बसताना दिसत नाही. हातात घेण्यापेक्षा नुसतं बघायला आवडत असेल तर जर्बिलची (उंदरासारखा, केसाळ शेपटीचा छोटा प्राणी) जोडी छान. मूळचे कोरड्या प्रदेशातले, लघवी थोडी, म्हणून वासही कमी. फक्त शेपटीला धरून कधी उचलू नका, कातडी निघून येते. चिंचिला (दाट, मऊ केसांचा कुरतडणारा प्राणी) विसरा, पंधरा-वीस वर्षांची जबाबदारी आहे.

हॅमस्टर जगतो दोन ते तीन वर्षं. हे आधीच मनाशी धरा, मला ते जड गेलं होतं. आणि आणण्यापूर्वी जवळच्या पशुवैद्यांना फोन करून हॅमस्टर तपासतात का ते विचारा. बरेचसे फक्त कुत्री-मांजरंच बघतात.