वाचकांचे प्रश्न : केनियात शेतजमीन का मिळाली नाही?

प्रश्न : आमचे पणजोबा युगांडा रेल्वेत कारकून होते. पैसा गाठीशी असूनही त्यांनी केनियात शेतजमीन घेतली नाही. का? आणि गोऱ्यांच्या मळ्यांवर राबत कोण होतं? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : घ्यायची म्हटली तरी डोंगराळ, सुपीक पट्ट्यात मिळाली नसती. 1908 मध्ये ब्रिटिश वसाहतमंत्री एल्गिन यांनी तिथे भारतीयांना जमीन देऊ नये असं ठरवलं आणि 1923 च्या श्वेतपत्रिकेने तेच कायम ठेवलं. 1915 च्या कायद्याने गोऱ्यांना मात्र 999 वर्षांचे पट्टे! भारतीयांची ऊसशेती झाली ती खाली, किसुमूजवळच्या किबोस भागात.

मळ्यांवर राबायचे ते मुख्यतः किकुयू आणि इतर आफ्रिकन. मळ्याच्या कडेला झोपडी, थोडं मक्याचं रान आणि गुरांना चराई. त्या बदल्यात 1918 च्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान 180 दिवस मजुरी. 1937 च्या कायद्यानंतर हे दिवस 240 आणि पुढे 270 पर्यंत गेले, गुरंही कमी करायला लावली. मग स्वतःचं रान नांगरायचं कधी?

त्यात ‘किपांडे’ हे ओळखपत्र. बोटांचे ठसे, मालकाचं नाव, पगार अशा नोंदींचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. काम सोडताना मालकाने त्यावर सही केली नाही, तर दुसरीकडे काम नाही आणि पळून गेल्याचा गुन्हा. माणसाला मळ्याशी बांधणारी खरी बेडी हीच. ऑक्टोबर 1952 मध्ये आणीबाणी लागली, तेव्हा ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ या सशस्त्र लढ्यात मळ्यांवरून हुसकावलेली ही कुटुंबं मोठ्या संख्येने होती.