ती पुन्हा विचारणार नाही, आता तू विचार

पत्र: ताई, मी सांगलीची. ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स करते आहे. घरात आम्ही चौघी मराठी मुली, वर्गातही भारतीयच जास्त. पाच महिने झाले, पण एकही जर्मन मैत्रीण नाही. लॅबच्या गटातल्या एका जर्मन मुलीने डिसेंबरात मला तिच्या ग्रुपबरोबर बोल्डरिंगला, म्हणजे बंदिस्त हॉलमधल्या कृत्रिम भिंतीवर चढायला, बोलावलं होतं. माझं जर्मन जेमतेम ए-टूचं, म्हणजे प्राथमिक पातळीचं, शिवाय ते सगळे नंतर बिअर प्यायला जातात. म्हणून "अभ्यास आहे" म्हणून टाळलं. त्यानंतर तिने विचारलंच नाही. बोलते नीट, पण कामापुरतं. रविवारी तर खूप एकटं वाटतं. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर:

नाही गं, तुझ्यात काहीही कमी नाही. आणि त्या मुलीने तुला तोडलेलंही नाही.

आपल्याकडे "जेवून जा" म्हटलं की पाहुणा आधी "नको, उशीर होतोय" म्हणतो आणि यजमान त्याला हाताला धरून पाटावर बसवतो. पहिला नकार कुणी मनावर घेत नाही. जर्मनीत मात्र "नाही" म्हणजे नाहीच. परत परत विचारणं म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणं, असं तिथे मानतात. तू तिच्या दुसऱ्या बोलावण्याची वाट बघते आहेस, आणि तिने बहुधा धरून चाललंय की तुला यायचंच नाही. तिच्या परीने ती तुझा मान राखते आहे.

तेव्हा आता विचारायचं ते तू. आजच मेसेज कर, आणि खरं कारण लिही: "डिसेंबरात तू बोलावलंस तेव्हा माझ्या जर्मनची मला लाज वाटली, म्हणून आले नाही. तुम्ही अजून जाता का? पुढच्या आठवड्यात मी येऊ?" दिवस विचारून घे. नुसतं "भेटू कधीतरी" लिहिलंस तर त्यातून काही निघणार नाही, कारण तिथे भेटी दिवस-वेळ ठरवून होतात, पुष्कळदा दोन-तीन आठवडे आधी. तिने पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली तर तो थंडपणा समजू नकोस. ठरल्या वेळेला मात्र पोच.

बोल्डरिंगचं बोलावणं आलं हे तर नशीबच म्हणायचं. भिंत फार उंच नसते, दोर लागत नाही, खाली जाड गाद्या असतात, चढायचे बूट तिथेच भाड्याने मिळतात. एक जण चढतो, बाकीचे खाली बसून कुठे पाय ठेवायचा ते सुचवत राहतात. जेमतेम जर्मन येणाऱ्या मुलीला यापेक्षा सोपी जागा मिळणार नाही, कारण बोलायला विषय समोरच असतो आणि गप्प बसलं तरी अवघड वाटत नाही. बिअरची काळजी सोड. आपफेलशोर्ले माग, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. तिथली कितीतरी माणसं तेच पितात.

आता दुसरी गोष्ट. वर्गात मैत्री जमली नाही याचं नवल वाटून घेऊ नकोस. तिथे बहुतेक व्याख्यानांना हजेरी सक्तीची नसते; तास संपला की ज्याची त्याची वाट. तुझ्यासारख्या इंग्रजी अभ्यासक्रमांत जर्मन मुलं कमीच असतात. 2022-23 च्या हिवाळी सत्रापासून तर जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सगळ्यांत जास्त आहे. जर्मन माणसांच्या ओळखी वाढतात त्या फेराइनमध्ये, म्हणजे नोंदणीकृत मंडळांत. गाणं, बुद्धिबळ, गिर्यारोहण, अगदी गावची आग विझवणंसुद्धा. देशभरात अशी सहा लाखांच्या आसपास मंडळं आहेत. तीच माणसं दर आठवड्याला, त्याच वेळी, त्याच जागी भेटतात आणि हळूहळू जीव लागतो.

म्हणून मैत्रीण शोधत फिरण्यापेक्षा आठवड्यातली एक संध्याकाळ पक्की कर. एप्रिलमध्ये उन्हाळी सत्र सुरू होतंय. विद्यापीठाच्या होखशूलश्पोर्टमध्ये, म्हणजे क्रीडा विभागात, थोडक्या पैशांत कितीतरी खेळांचे वर्ग असतात. लोकप्रिय वर्ग लवकर भरतात, त्यामुळे नोंदणी कधी सुरू होते ते आत्ताच बघून ठेव. आणि एकदा नाव घातलंस की पूर्ण सत्र जा. पहिल्या तीन-चार वेळांत कुणी विशेष बोललं नाही तरीही जा.

भाषेचं मी गोड बोलून टाळणार नाही. जर्मन मुलं तुझ्याशी इंग्रजीत बोलतील, पण चार जण जमले की आपापसात जर्मनवर येणारच. त्यात तुला वगळण्याचा हेतू नसतो. ए-टूवर थांबू नकोस. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात बी-वनचा, म्हणजे पुढच्या पातळीचा, वर्ग लाव आणि टँडेम जोडीदार शोध. तू त्याला हिंदी किंवा इंग्रजी शिकव, तो तुला जर्मन शिकवील.

घरातल्या तिघींना मात्र दूर करू नकोस. ताप आला की पेज त्याच करून देणार आहेत. उलट एखाद्या रविवारी त्या जर्मन मुलीला दुपारी घरी बोलवा. दुकानं बंद असतात म्हणून सामान शनिवारीच आणा. कांदेपोहे करा, आणि ती काय खात नाही ते आधी विचारा. तिथे शाकाहारी आणि व्हीगन मुलं बरीच आहेत. "मी काय आणू?" असं ती विचारेल. तेव्हा "काही नको" म्हणू नकोस, केक आणायला सांग.

आणि हे सगळं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, रविवारचं रडू सोमवारीही थांबत नसेल, तर विद्यापीठाच्या मानसिक समुपदेशन केंद्रात वेळ घे. विद्यार्थ्यांसाठीच आहे ते. आईला कळेल म्हणून घाबरू नकोस, तिथलं बोलणं बाहेर जात नाही.

तुझी,
ताई