त्याचा टाळ माझ्याकडे आहे

प्रश्न : आळंदी ते पंढरपूर, सलग २६ वर्षं आम्ही दोघं एकाच दिंडीत शेजारी चाललो. माघात मित्र गेला. वहिनींनी त्याचा टाळ माझ्याकडे दिलाय. यंदा पाऊलच उचलत नाही. काय करू?
— एक वारकरी, सासवड

उत्तर : माउली, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. माझा शाळेपासूनचा मित्र गेला, तेव्हा त्याची छत्री मी वर्षभर उघडली नव्हती.

ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली. नामदेव साधारण त्यांच्याच वयाचे, बरोबर तीर्थं हिंडलेले. त्यानंतर ते ५४ वर्षं जगले. मित्राच्या समाधीवर त्यांनी अभंग रचले, त्यांत पुरता टाहो आहे. इतक्या मोठ्या संतानं दुःख झाकलं नाही. आजही कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधीचं कीर्तन होतं, लोक ढसाढसा रडतात. मग तुम्ही का आवरून धरता?

पालखी तुमच्याच गावी मुक्कामाला येते. आळंदीहून नाही जमलं तर सासवडहून निघा. लोणंदच्या पुढं, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण लागलं की तो कुठं उभा राहायचा, ते दिंडीतल्या पोरांना दाखवा. तो भजनात कुठली चाल धरायचा, चहाच्या वेळी काय बोलायचा, तेही सांगा. आणि टाळ कपाटात नको, त्याची दोरी तेवढी बदलून घ्या. त्याच्या मुलाला बरोबर येतोस का, एवढं विचारून पाहा.

पोहोचलात की मला पत्र टाका. वाट बघतो.