खेळात धाकट्यावर नेहमी अन्यायच होतो का?

“ताई त्याला खेळात सारखं कैदी करते, नाहीतर हमाल. मैत्रीणही तिचीच बाजू घेते. याचा आत्मविश्वास जाईल ना?” नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा यांची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पुरावा म्हणून तिने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. धाकटा रडण्याआधी दाराकडे बघत होता, आई येतेय का ते!

पुढच्या वेळी दोघांसोबत मैत्रिणीलाही बोलावलं आणि चादरी, खुर्च्या देऊन मी बाजूला बसले. बघता बघता गुहा तयार झाली. धाकटा अर्थातच कैदी. थोड्या वेळाने त्याने जाहीर केलं, “कैद्याला कुलपाचा मंत्र माहीत असतो.” ताई म्हणाली, चीटिंग! वाद झाला, मैत्रिणीने निवाडा दिला: मंत्र एकदाच चालेल. मग पळापळ. ताईने त्याला धरलं, पण ढकललं नाही, कारण “पहारेकरी ढकलत नसतात.” घरी हीच मुलगी ढकलते, अशी आईची तक्रार होती.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं होतं. त्या ‘बहिणी-बहिणी’ खेळू लागल्या, तेव्हा एरवी लक्षातही न येणारे बहिणीच्या वागण्याचे नियम काटेकोर पाळू लागल्या. खेळात मूल स्वतःला आवरतं ते असं.

आईला एवढंच सांगितलं, लगेच धावू नका. मस्तीत चेहरे हसरे असतात, मोठं मूल जोर आवरतं, डाव मोडला तरी मुलं एकमेकांजवळच रेंगाळतात. धाकटा तक्रार घेऊन आला तर “कोणी सुरू केलं?” विचारू नका. “तुला काय व्हायचंय, ते ताईला सांगितलंस का?” हे विचारा.

पण लागलं, मूल घाबरलं, ‘थांब’ म्हटल्यावरही कोणी थांबलं नाही, तर उठायचंच. दोघींनी रोज मिळून एकालाच रडवणं मी मस्तीत धरत नाही. तो खेळच टाळू लागला तर तेही गंभीरपणे घ्यावं.

नंतरच्या भेटीत आईची तक्रार बदलली होती. घरभर गुहा, चादरींच्या घड्या कोण घालणार? त्या मात्र तिघांकडूनच घालून घ्या, म्हटलं.