गंभीर आजारपणात घरच्यांसोबतचे आनंदाचे क्षण कसे जपावेत?

तुम्ही विचारलंय की आजार मोठा आहे, मुलं लहान आहेत, हसतानासुद्धा 'हे अजून किती दिवस' असं मध्येच मनात येतं; मग आनंद घ्यायचा कसा? माझा लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, उलटलाय, पुन्हा केमो चालू आहे, म्हणून सांगते.

तो विचार जात नाही. त्याला हाकलण्यात मी वर्ष घालवलं. आता येतो, बसतो, आमचा पत्त्यांचा डाव चालू राहतो.

मला जास्त उपयोग झाला तो कॅलेंडरचा. माझी केमो दर २१ दिवसांनी. पहिले चार-पाच दिवस मी आडवीच. साधारण ७ ते १४ व्या दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी, तेव्हा गर्दी नको, ताप आला तर थेट हॉस्पिटल. उरतो तिसरा आठवडा. तो आमचा! थोरलीचा वाढदिवस यंदा नऊ दिवस उशिरा केला. तिने वर्गात सांगितलं, माझे दोन असतात.

'आठवणी राहतील' म्हणून मुद्दाम एक सहलही काढली होती. जो तो माझे फोटो काढतोय, सगळे गोड बोलतायत. दोघी पोरी दिवसभरात एकदाही भांडल्या नाहीत, तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिनसलंय. पुन्हा तसलं काही केलं नाही.

खरी मजा आली ती रात्री दोन वाजता. स्टेरॉइडमुळे केमोनंतर अंगात त्राण नसलं तरी डोळ्याला डोळा लागत नाही. धाकटी पाणी प्यायला उठली, मी जागी दिसले, तर बाईसाहेबांनी माझा विग उलटा घातला आणि मी तिला कशी रागावते त्याची नक्कल सुरू केली. आम्ही इतक्या हसलो की नवरा थर्मामीटर घेऊन धावत आला. त्याचा चेहरा बघून आणखी हसलो. फोटो वगैरे कुणी काढला नाही.

एक मात्र करा, दुखणं अंगावर काढू नका. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी काळजी, फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसते, उपचार चालू असतानाही घेता येते. केमोच्या औषधांनी बोटांना इतक्या मुंग्या यायच्या की पत्ते हातात धरवत नव्हते. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांकडे जायला मी उगाच घाबरत होते.

आज माझा १६ वा दिवस. धाकटी पत्ते पिसतेय, आणि वाटताना लबाडी करते, तेव्हा आता तिकडे बघायला हवं.