देखाव्यात काळा धूर नको

गणपतीच्या देखाव्यात प्रत्येक घराचं कार्बन उत्सर्जन दाखवायची तुझी कल्पना मला फार आवडली. फक्त काळा धूर रंगवू नकोस. धुरातलं काळं म्हणजे काजळी. कार्बन डायऑक्साइडला रंगही नाही, वासही नाही. लोकांना त्याचा आकार दाखव.

बेळगावहून दुचाकीवर खानापूरला जाऊन यायला साधारण एक लिटर पेट्रोल जातं. ते जळताना त्यातल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, म्हणून पाऊण किलो पेट्रोलातून सुमारे 2.3 किलो वायू निघतो. तो मावायला बाजूला साडेतीन फुटांहून थोडा मोठा चौकोनी ठोकळा लागतो. बुरुडाकडून कामट्या आण, तेवढा सांगाडा बांध, पतंगाचा कागद लाव आणि शेजारी खरीच दुचाकी उभी कर. मुलांना आत शिरू दे!

14.2 किलोच्या गॅस सिलिंडरचा ठोकळा करायचा तर प्रत्येक बाजू साडेनऊ फूट येते. मांडवात बसत नसेल तर लहान करू नकोस, जमिनीवर रांगोळीने त्याचा तळ आख आणि उंचीला एक बांबू रोव. माप खरं राहिलंच पाहिजे, त्यात तडजोड नको. पाटी मराठीत आणि कन्नडमध्येही लिही, आपल्या गल्लीत दोन्ही वाचणारे आहेत.