नागपुरात मनीष नगर ते सदर, जाऊन-येऊन 18 किलोमीटर : इलेक्ट्रिक सायकल फॅट टायरची घेऊ की साधी?

साधी घ्या. कारण सांगताना माझ्या साडभाऊचा विषय निघेल, त्याला इलाज नाही.

तुम्ही लिहिलं आहे की दुकानदार म्हणतो, फॅट टायरला, म्हणजे चार इंच रुंद टायरला, खड्डे कळतच नाहीत. मलाही हेच ऐकवलं होतं, आणि दुकानदारानं नाही, घरच्याच माणसानं. "तुमचं वजन 92 किलो. तुम्हाला चार इंची टायरच पाहिजे. चिखल असो, वावर असो, कुठंही घाला." असं म्हणणारे आमचे साडभाऊ स्वतः साधीच चालवतात, हे माझ्या तेव्हा डोक्यात यायला पाहिजे होतं.

दोन वर्षांमागं पोळ्याला मी हौसेनं त्रिमूर्ती नगरहून हिंगण्याच्या पुढं सासुरवाडीला नवी सायकल घेऊन निघालो. बायको पोरांना घेऊन बसनं गेली होती. डांबरी रस्त्यावर सायकल झकास चालली, खोटं कशाला बोलू. गावच्या अलीकडं पांदण, म्हणजे वावरांमधली कच्ची वाट, लागते, तिथून गेलं तर दीड किलोमीटर वाचतं. रात्री पाऊस पडून गेला होता. मी म्हटलं, आज कळू दे चार इंच म्हणजे काय ते.

शंभर पावलंही गेलो नसेन. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग लोण्यासारखी चिकटते. टायर जितका रुंद तितकी ती जास्त उचलतो. आधी मडगार्ड भरलं, मग पुढच्या चाकाचा चिमटा (फोर्क), मग मागच्या चाकाची जागा. थ्रॉटल दिला तर मोटर नुसती गुणगुणली आणि गप्प झाली. चाक फिरेचना. ही 31 किलोची सायकल, वर दहाएक किलो चिखल, आणि अंगावर सणाचा पांढरा कुडता.

सासऱ्यांचा सालदार धुऱ्यावर उभा राहून पाहत होता. मी म्हटलं, बाबा, बैलबंडी आण, हिला टाकून नेऊ. तो म्हणाला, "जवाईबापू, आज पोळा हाये." झालं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? आदल्या दिवशी त्याच बैलांना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून झालेलं, आणि मी त्यांना सायकल ओढायला लावत होतो. शेवटी तो आणि मी मिळून ती उचलत, टेकवत पाऊण तासानं घरी पोचलो. बैल सजून तोरणाखाली उभे, आणि सगळं गाव माझ्याकडं पाहत.

साडभाऊ आधीच येऊन बसले होते. सायकलीकडं बघून त्यांचं पहिलं वाक्य : "हवा किती होती?"

तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला हेच. यांनी हवा जास्त मारली म्हणून सायकल फसली. आता हा वाद इथंच मिटवतो. फॅट टायर निघाले ते अलास्काच्या बर्फासाठी आणि अमेरिकेतल्या वाळवंटातल्या रेतीसाठी. 2005 मध्ये सर्ली या सायकल कंपनीनं पग्सली नावाची सायकल आणली, तेव्हापासून ते दुकानात दिसायला लागले. रेती आणि बर्फ दाबले जातात, त्यावर रुंद टायर तरंगतो. काळी माती दाबली जात नाही, चिकटते. तिथं हवेचा दाब 8 पीएसआय ठेवा की 25, फरक शून्य. साडभाऊ हे वाचत असतील तर वाचोत.

आता तुमचं. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 360 वॅट-अवर. तेवढ्यावर माझी फॅट 24 किलोमीटर जाते, साडभाऊंची साधी 35 च्या वर. तुमचे 18 माझ्या सायकलवर आज निघतील, पण बॅटरी जुनी झाल्यावर अजनीच्या पुढं पायडल मारत याल. मोटर बंद पडल्यावर 31 किलो ओढणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच.

पंक्चरचा त्रास वेगळाच. 26 बाय 4 ची ट्यूब मी चार दुकानांत विचारली, सगळ्यांनी टायरकडं पाहून मान हलवली. मागवली तर आठ दिवस लागले. साध्या सायकलची ट्यूब कोपऱ्यावर मिळते. (मोटर मागच्या चाकात असेल तर पंक्चरवाल्याला चाक काढू देऊ नका, वायर तुटते. टायर एका बाजूनं उघडून ट्यूब बाहेर ओढून ठिगळ लावता येतं.)

गुडघे दुखत असतील तर आणखी एक. चार इंची टायरला जागा करायला दोन पायडलांमधल्या आसाची नळी (बॉटम ब्रॅकेट) 100 मिलिमीटर रुंद असते, साध्याला 68 किंवा 73. पाय फाकवून चालवावं लागतं. मला महिनाभरात कळलं.

250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तरच लायसन्स-पासिंग लागत नाही. फॅटमध्ये 500 वॅटची मोटर हळूच खपवतात, ती घेऊ नका. आणि मे महिन्यात उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका, आधी बॅटरी गार होऊ द्या.

हां, एक गोष्ट मान्य करतो. सिमेंट रोड संपून गट्टू (फरशीचे ठोकळे) सुरू होतात तिथं जी लांबच लांब फट असते, तिच्यात बारीक टायर अडकतो आणि माणूस आडवा होतो. फॅट अडकत नाही. म्हणून साधी घ्या, पण टायर दोन इंचाच्या आसपास हवा, दीड इंची नको. आणि हवेचं म्हणाल तर त्या दिवशी माझ्या टायरात खरंच 30 पीएसआय होती. पेट्रोल पंपावरच्या पोरानं मोटरसायकल समजून मारली, मी पाहिलं नाही. सिमेंट रोडवर त्यानं सायकल चेंडूसारखी उडते, तेवढ्यापुरते साडभाऊ बरोबर. पांदणीपुरते नाहीत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक होती; रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणून मारबतीचा पुतळा ओरडत गावाबाहेर नेतात. साडभाऊंनी सगळ्या पोरांना अंगणात गोळा केलं आणि माझ्या चिखलभरल्या सायकलीभोवती ओरडायला लावलं, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" माझी पोरगी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती.

मारबत काही सायकलीला घेऊन गेली नाही. ती अजून माझ्या जिन्याखालीच उभी आहे. एवढं वाचूनही फॅट टायरच पाहिजे असेल तर सांगा, जास्तीच्या ट्यूबसकट देतो.